‘तीन महिन्यांची साखर’ हृदयाबद्दल काय सांगते?

प्रश्न : मी 44 वर्षांची असून नागपुरात मानेवाडा भागात राहते आणि बँकेत नोकरी करते. माझ्या थोरल्या भावाला गेल्या दिवाळीनंतर हृदयविकाराचा झटका आला. त्याचे वय 48. अँजिओप्लास्टी झाली आणि त्याच वेळी त्याचे एचबीएवनसी (म्हणजेच ‘तीन महिन्यांची साखर’) 7.9 असल्याचे कळले. तोपर्यंत त्याला मधुमेह आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. घाबरून आम्ही दोघांनीही तपासण्या केल्या. माझी उपाशीपोटीची साखर 98 आणि एचबीएवनसी 6.0 आले. यजमानांची (वय 49) उपाशीपोटीची साखर 119 आणि एचबीएवनसी 5.3 आहे. ‘तुझ्यापेक्षा माझा रिपोर्ट चांगला’ असे ते म्हणतात आणि तंबाखूचा खर्रा काही सोडत नाहीत. ते सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक आहेत. माझे हिमोग्लोबिन 9.4 असून पाळीत रक्तस्राव फार होतो. या दोन्ही गोष्टींचा साखरेशी संबंध नसेल, तरी लिहून ठेवते. रक्तातील साखरेच्या रेणूंवरून धमनीतले ब्लॉकेज आधीच कळते, असा एक संदेश मोबाइलवर फिरतो आहे. हे खरे आहे का? आम्ही अँजिओग्राफी करून घ्यावी का? 17 वर्षांच्या मुलाचेही काही तपासावे का?

उत्तर : ‘संबंध नसेल’ असे म्हणून तुम्ही ज्या दोन गोष्टी शेवटी लिहिल्या आहेत, त्या तुमच्या पत्रातल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टी आहेत. त्या लिहिल्याबद्दल मी तुमचा आभारी आहे, कारण त्या नसत्या तर मी तुम्हा दोघांनाही चुकीचे उत्तर दिले असते. त्यांच्याकडे येण्यापूर्वी त्या संदेशात किती तथ्य आहे ते पाहू.

ज्वारीची भाकरी तव्यावरून विस्तवावर टाकली की तिच्यावर तांबूस डाग पडतात, किंवा रश्श्यासाठी कांदा परतताना तो हळूहळू तपकिरी होतो. या रंगामागे साखर आणि प्रथिने यांचे एकमेकांना चिकटणे आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिल मायार यांनी 1912 मध्ये या क्रियेचे वर्णन केले. आपल्या शरीरात तव्यासारखी आच नसते, पण 37 अंशांवरही हेच रसायन फार मंद गतीने चालू असते. रक्तातील ग्लुकोज लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि ती पेशी जिवंत असेपर्यंत बहुतांशी तसेच राहते. साखर जितकी जास्त आणि पेशीचे आयुष्य जितके लांब, तितके चिकटलेले हिमोग्लोबिन अधिक. मधुमेहींच्या रक्तात हे वाढलेले असते, हे तेहरानमध्ये काम करणाऱ्या सॅम्युएल राहबर यांनी 1968 च्या सुमारास दाखवून दिले. एचबीएवनसी म्हणजे साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे एकूण हिमोग्लोबिनशी असलेले शेकडा प्रमाण. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून लोक या तपासणीला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात. त्यातही शेवटच्या एका महिन्याचा वाटा जवळपास निम्मा असतो.

आता हृदयाकडे वळू. जी साखर हिमोग्लोबिनला चिकटते, तीच धमनीच्या भिंतीतील कोलॅजेन या प्रथिनालाही चिकटते आणि कोलॅजेनचे आयुष्य लाल पेशीपेक्षा कितीतरी अधिक असल्यामुळे तिथे हा थर वर्षानुवर्षे साचत जातो. भिंत ताठर होते. साखर चिकटलेले एलडीएल कोलेस्टेरॉल भिंतीत अधिक सहज अडकते, आणि धमनीच्या आतल्या नाजूक अस्तराची नायट्रिक ऑक्साइड तयार करून धमनी सैल ठेवण्याची क्षमता कमी होते. शिवाय साखर वाढते तेव्हा ती क्वचितच एकटी वाढते. इन्सुलिन नीट काम करीत नसेल तर ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढते, चांगले कोलेस्टेरॉल घटते, पोटाचा घेर आणि रक्तदाबही वाढतो. त्यामुळे एचबीएवनसीचा आकडा काही अंशी या सगळ्या मंडळींची हजेरी सांगतो, आणि त्यातला किती दोष साखरेचा व किती इतरांचा हे वेगळे करणे अवघड असते.

या संबंधाचा एक स्पष्ट पुरावा 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील चार वस्त्यांमध्ये चाललेल्या ‘एरिक’ नावाच्या दीर्घ अभ्यासात, ज्यांना मधुमेह असल्याचे माहीत नव्हते अशा 11,092 प्रौढांचे एचबीएवनसी मोजले गेले आणि नंतर अनेक वर्षे त्यांच्या हृदयाची नोंद ठेवली गेली. ज्यांचा आकडा 5.0 ते 5.5 च्या दरम्यान होता त्यांच्या तुलनेत 5.5 ते 6.0 च्या गटात कोरोनरी हृदयविकाराचा धोका सुमारे 23 टक्क्यांनी, आणि 6.0 ते 6.5 च्या गटात सुमारे 78 टक्क्यांनी अधिक आढळला. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हिशेब वेगळा काढूनही हा फरक उरला. उपाशीपोटीच्या साखरेपेक्षा एचबीएवनसीने हा धोका अधिक चांगला दाखवला. हे सर्व 6.5 च्या खाली, म्हणजे ज्याला आपण अजून मधुमेह म्हणत नाही त्या पट्ट्यात घडत होते.

6.5 हा आकडा मुख्यतः डोळ्यांवरून ठरला आहे, ही बाब मला दवाखान्यात रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगावी लागते. कोणत्या पातळीपासून मधुमेहामुळे होणारा नेत्रपटलाचा विकार ठळकपणे दिसू लागतो, हे पाहून मधुमेहाची सीमारेषा आखली गेली. हृदयाच्या धमन्यांसाठी अशी रेषा कुणी आखलेली नाही. तिथे धोका हळूहळू चढत जातो. म्हणून ‘अजून शुगर नाही, बॉर्डरवर आहे’ या वाक्यात लोकांना जो दिलासा वाटतो, तो डोळ्यांपुरता बराचसा खरा आहे, हृदयापुरता नाही. तुमच्या भावाची साखरही एका रात्रीत 7.9 वर गेलेली नसणार. ती काही वर्षे याच पट्ट्यातून पुढे सरकली असावी आणि त्या काळात कुणी मोजली नाही.

तरीही साखरेच्या रेणूंवरून ब्लॉकेज कळते, हे त्या संदेशातले विधान मी मान्य करणार नाही. 2014 मध्ये सुमारे 2 लाख 95 हजार लोकांची माहिती एकत्र करून तपासले गेले, तेव्हा असे दिसले की वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांवरून केलेल्या अंदाजात एचबीएवनसीची भर घातली तर तो अंदाज फारसा सुधारत नाही. हजार माणसांच्या गटात कुणाचा धोका जास्त हे हा आकडा सांगू शकतो. एका माणसाच्या डाव्या धमनीत काय चालले आहे ते सांगू शकत नाही. साखरेशी संबंधित इतर खुणाही संशोधनात आहेत. फ्रुक्टोसामीन हे रक्तद्रवातील प्रथिनांना चिकटलेली साखर मोजते आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देते. 1,5-अँहायड्रोग्लुसिटॉल नावाचा रेणू साखर 180 च्या वर गेली की लघवीतून निघून जातो, त्यामुळे त्याची रक्तातली घट जेवणानंतरचे चढ दाखवते. ‘ग्लिक-ए’ हे मोजमाप प्रथिनांवरील साखरेच्या साखळ्यांवरून शरीरातील दाह ओळखते. या तिघांचाही हृदयविकाराशी संबंध आढळला आहे आणि अभ्यासकांसाठी ती मोलाची साधने आहेत, पण ‘हृदयाचे पॅकेज’ म्हणून कुणी ती विकत असेल तर तुम्ही त्यावर पैसे खर्च करावेत असे मला वाटत नाही. याला एक अपवाद आहे, आणि तो तुमच्याच घरात आहे.

तुमच्या यजमानांचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एचबीएवनसीवरून सरासरी साखरेचा अंदाज काढण्याचे एक प्रचलित सूत्र आहे. त्यानुसार 5.3 म्हणजे चोवीस तासांची सरासरी साधारण 105. पण त्यांची नुसती उपाशीपोटीची साखरच 119 आहे, आणि ती बहुतेकांच्या दिवसातली सर्वांत कमी साखर असते. जेवणानंतर ती आणखी वर जाणार. मग सरासरी उपाशीपोटीच्या आकड्यापेक्षा खाली कशी येईल? या दोन आकड्यांपैकी एक विश्वासार्ह नाही, आणि ते सिकलसेलचे वाहक आहेत हे कळल्यावर माझा संशय एचबीएवनसीवर जातो.

विदर्भात ही गोष्ट प्रत्येक डॉक्टरच्या आणि प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबच्या मनात पहिल्यांदा यायला हवी. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकल हिमोग्लोबिन किती पसरलेले आहे हे आपल्याला दशकानुदशके माहीत आहे. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेमुळे आता अनेकांच्या हातात आपल्या स्थितीचे कार्डही आहे. ज्याला सिकलसेलचा आजार आहे, म्हणजे ज्याचा नमुना ‘एसएस’ आहे, त्याच्या रक्तात नेहमीचे प्रौढ हिमोग्लोबिनच नसते आणि लाल पेशी फार लवकर मरतात. त्याच्यासाठी एचबीएवनसी वापरूच नये. वाहकाचे, म्हणजे ‘एएस’ व्यक्तीचे, तसे नसते. ती निरोगी असते आणि बहुतेक आधुनिक यंत्रे तिचे एचबीएवनसी मोजू शकतात. पण काही पद्धतींमध्ये गडबड होते. आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की साखर तितकीच असतानाही वाहकांचे एचबीएवनसी इतरांपेक्षा साधारण 0.3 ने कमी येते. 5.3 आणि 5.6 यांतला फरक लहान वाटेल, पण मधुमेहपूर्व अवस्थेची सीमारेषा 5.7 वर असताना तो लहान नाही.

हे मी अनुभवानेही शिकलो आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत भंडाऱ्याकडचे एक शिक्षक दर सहा महिन्यांनी एचबीएवनसीचा कागद घेऊन येत आणि मी तो पाहून ‘छान आहे’ म्हणून त्यांना परत पाठवत असे. त्यांना रात्री दोन-तीनदा लघवीसाठी उठावे लागते, हे त्यांच्या पत्नीने सांगितले तेव्हा मी जेवणानंतरची साखर तपासली. ती 260 च्या पुढे होती. ते वाहक होते आणि मी कधी विचारलेच नव्हते. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर वय आणि वजनाच्या शेजारी सिकलची नोंद असते.

यजमानांनी 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन करतात ती दोन तासांची तपासणी करून घ्यावी. दोन तासांनंतर साखर 140 ते 199 आली तर ती मधुमेहपूर्व अवस्था. 200 किंवा त्याहून अधिक आली तर, दुसऱ्या तपासणीने खात्री करून, तो मधुमेह. उपाशीपोटीचे 119 हेही मधुमेहपूर्व पट्ट्यातच येते, त्यामुळे ‘चांगला रिपोर्ट’ हा शब्द त्यांनी आजपासून मागे घ्यावा, अशी माझी त्यांना आदरपूर्वक विनंती आहे. वर उल्लेख केलेला अपवाद तो हाच : त्यांच्यासाठी फ्रुक्टोसामीनची तपासणी उपयोगी ठरू शकते, कारण ती हिमोग्लोबिनवर अवलंबून नाही. घरी ग्लुकोमीटरने उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी घेतलेल्या पंधरा दिवसांच्या नोंदीही तितक्याच बोलक्या असतात. लॅबमध्ये नमुना देताना ‘मी एएस आहे’ हे त्यांनी स्वतःहून सांगावे.

तुमच्या बाबतीत गोष्ट उलट दिशेने फिरते. लोहाच्या कमतरतेत लाल पेशी नव्याने कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचा भरणा राहतो आणि जुन्या पेशीवर साखर चिकटायला अधिक दिवस मिळालेले असतात. परिणामी साखर वाढलेली नसतानाही एचबीएवनसी वाढलेले दिसते. हिमोग्लोबिन 9.4, भरपूर रक्तस्राव, आणि उपाशीपोटीची साखर फक्त 98, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तर तुमच्या 6.0 मधला काही भाग साखरेचा नसून लोहाच्या अभावाचा असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे ज्या कागदावरून घरात तुमचा रिपोर्ट वाईट आणि त्यांचा चांगला ठरला, तो कागद दोघांच्याही बाबतीत, आणि विरुद्ध दिशांनी, फसवत असू शकतो. शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी करा, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून रक्तस्रावाचे कारण शोधा आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नका, कारण चहाने लोह कमी शोषले जाते. हिमोग्लोबिन पूर्ववत होऊन तीन महिने झाल्यावर एचबीएवनसी पुन्हा करा. त्याआधी केले तर नव्या कोवळ्या पेशींमुळे आकडा उगाच खाली आलेला दिसेल. तोवर खरे काय ते ग्लुकोजची दोन तासांची तपासणीच सांगेल, ती तुम्हीही करा. एवढे करूनही तुमची साखर खरोखर वाढलेली निघू शकते. सख्ख्या भावाला मधुमेह असताना मी ती शक्यता सोडून देणार नाही.

अँजिओग्राफीबद्दल : त्रास नसताना ती करू नये. त्या तपासणीत धमनीत नळी घालावी लागते, तिचे स्वतःचे धोके आहेत आणि लक्षणे नसलेल्या माणसाला तिच्यातून फायदा होतो असे दिसलेले नाही. मात्र तुमच्या भावाला 48 व्या वर्षी झटका आला याचा अर्थ तुमच्यासाठी गंभीर आहे. सख्ख्या पुरुष नातेवाईकाला 55 च्या आत हृदयविकार झाला असेल तर वैद्यकशास्त्र त्याला अकाली मानते आणि भावंडांचा धोका वाढलेला धरते. आपल्या उपखंडात हा प्रश्न तसाही लवकर येतो : 52 देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातील रुग्णांना पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी आला होता, इतर देशांतील रुग्णांना जवळपास 59 व्या. तेव्हा तुम्ही रक्तदाब आणि संपूर्ण लिपिड (रक्तातील चरबीची) तपासणी या महिन्यात करा, आणि आयुष्यात एकदाच पुरते असे लायपोप्रोटीन ‘ए’ या कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणाचे मोजमापही करा, कारण ते बहुतांशी अनुवंशाने ठरते आणि लवकर हृदयविकार झालेल्या घरांत पुष्कळदा वाढलेले सापडते. त्यानंतर ट्रेडमिल चाचणी किंवा सीटी कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांत साचलेल्या कॅल्शियमचे मोजमाप) हवा का, हे तुम्हाला प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टर ठरवतील. जिना चढताना नव्याने दम लागणे, जबडा किंवा डाव्या हातात दाब जाणवणे, कारण नसताना घाम आणि थकवा येणे हे ‘गॅस’ म्हणून घरी बसवून ठेवू नका. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीतली नेहमीची कळ नसतानाही झटका येतो.

खर्ऱ्याबद्दल मला वेगळे लिहायचे आहे, कारण आपल्याकडे लोक त्याला हृदयाच्या हिशेबात धरतच नाहीत. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घासून तयार होणाऱ्या त्या पुडीची चर्चा होते ती तोंडाच्या कर्करोगापुरती. ‘मी सिगारेट ओढत नाही’ असे सांगणाऱ्या किती जणांच्या खिशात ती पुडी असते! वर सांगितलेल्या इंटरहार्ट अभ्यासातच नुसता तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला होता. तुमच्या यजमानांच्या बाबतीत एचबीएवनसी 5.3 की 5.6, या प्रश्नापेक्षा ही पुडी मोठी आहे. सोडायला मदत लागते, निव्वळ निश्चयावर अनेकांना जमत नाही. निकोटीनचा च्युइंगम, औषधे आणि समुपदेशन उपलब्ध आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. त्यांच्याशी भांडू नका. हा मजकूर त्यांनाच वाचायला द्या.

साखर खाली आणण्याचा हृदयाला खरेच उपयोग होतो का, ही शंका तुम्ही विचारली नसली तरी रास्त आहे. चीनमधील दा चिंग शहरात 1986 मध्ये मधुमेहपूर्व अवस्थेतील 577 लोकांवर सुरू झालेल्या प्रयोगात काहींना सहा वर्षे आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन मिळाले. 30 वर्षांनी पाहिले तेव्हा त्यांच्यात हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार 26 टक्क्यांनी कमी झाले होते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या 2006 च्या भारतीय अभ्यासात आहार-व्यायामामुळे मधुमेह होण्याचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला. याउलट, ज्यांना मधुमेह आणि हृदयाचा जास्त धोका आधीपासूनच आहे, त्यांचे एचबीएवनसी औषधांचा मारा करून 6.0 च्या खाली ओढण्याचा अमेरिकेतील ‘अ‍ॅकॉर्ड’ प्रयोग 2008 मध्ये थांबवावा लागला, कारण त्या गटात मृत्यू वाढले होते. तुमच्या भावाला हे जरूर सांगा : आकडा जितका कमी तितके बरे असे त्याच्या बाबतीत नाही. त्याचे लक्ष्य त्याच्या डॉक्टरांनी ठरवलेलेच राहू द्यावे, आणि कोलेस्टेरॉलची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद करू नये.

तुम्हा दोघांसाठी रोजच्या गोष्टी साध्या आहेत. सकाळी तर्री-पोहे खाणारच असाल तर पोहे निम्मे आणि चणे दुप्पट घ्या, वरचा तेलाचा तवंग काढून टाका. संत्री सोलून खा, रस काढू नका; रसात चार संत्र्यांची साखर एका घोटात जाते आणि चोथा मागे राहतो. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे चाला, कारण चालणारे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता उचलतात. मे महिन्यात नागपूर 45 अंशांवर असताना फुटाळा तलावावर फिरायला जा असे मी सांगणार नाही; पहाटे सहाच्या आत किंवा घरातच, जिन्यावर, पण त्या दोन महिन्यांत खंड पडू देऊ नका. यजमानांचा कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या आणि तुमचा 80 च्या वर असेल तर सध्याच्या वजनाच्या 5 ते 7 टक्के घट हे पहिले ध्येय ठेवा.

राहिला मुलगा. त्याचे वजन जास्त नसेल तर साखरेची तपासणी आज तातडीची नाही, पण मामाचा इतिहास पाहता लिपिड एकदा पाहून घ्यावे. त्याच्यासाठी त्याहून आधी करायची तपासणी सिकलसेलची आहे. वडील वाहक असल्याने तोही वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि तुमची स्वतःची स्थिती तुम्ही पत्रात कळवलेली नाही, म्हणून तुमचीही तपासणी व्हायला हवी. ती शासकीय रुग्णालयांत होते. तिचा लग्नाच्या वेळी उपयोग आहेच. शिवाय पुढे केव्हाही तो एचबीएवनसीचा कागद हातात घेईल, तेव्हा तो कसा वाचायचा हे त्याला आधीच माहीत असेल.